दुसऱ्या चुलीची जागा

गेल्या वर्षी वाघबारशीला मी मोखाड्याकडे गेलो होतो. १९८८ साली त्या तालुक्यात शिक्षक म्हणून मी रुजू झालो, तेव्हापासून दिवाळी म्हटली की मला आधी आठवते ती वाघबारस. आपण शहरगावची मंडळी त्या दिवशी गाईवासराची पूजा करतो. सूर्यमाळच्या बाजूचे डोंगरकरी त्याच दिवशी गाईवासरांच्या रक्षणासाठी वाघाला विनवतात. देव वेगळा, पण काळजी एकच. असो.

ज्या पाड्यावर मी उतरलो तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. त्याच्या घराच्या ओट्यावर चहाची कपबशी हाती घेऊन बसलो असता माझे लक्ष सहज परसाकडे गेले. तिथे दगडमातीचे एक जोते घातलेले होते आणि त्यावर चार मेढी उभ्या होत्या. वर छप्पर नाही, मध्ये कूड नाही. मेढींना पावसाचे काळे ओघळ आलेले आणि एकीवर दोडक्याचा वेल चढलेला. चांगला बहरला होता.

"हे काय रे?" मी विचारले.

"धाकट्याचं घर, गुरुजी," तो म्हणाला. "दोन पावसाळे झाले."

"मग थांबलं कशानं?"

त्याने उत्तर दिले नाही. आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदांची चळत त्याने आणली आणि माझ्यापुढे ठेवली. घरकुलाच्या यादीत मुलाचे नाव आले होते, पण जागेच्या रकान्यापाशी गाडे अडले होते. परसातली ती मोकळी जागा कागदावर वनखात्याची. शेत पट्ट्यात बसले होते. परसू बसले नव्हते. तेवढ्यात त्याची म्हातारी आई चुलीपाशी बसूनच बोलली, "गुरुजी, चुली दोन झाल्या का मानसं भांडत नाहीत. येका चुलीवर दोन सुना कवर रांधतील?"

म्हातारीच्या त्या प्रश्नाने मला घरी आल्यावरही स्वस्थ बसू दिले नाही. आईबापांच्या घरामागे मुलाने चार मेढी रोवायच्या, ही जगातली किती साधी गोष्ट! परंतु त्या चार मेढींना जागा कोणी द्यायची, किती द्यायची, आणि कोणत्या कायद्याने, या प्रश्नाचा इतिहास पाहू गेले तर तो या डोंगरात निदान सातशे वर्षे मागे जातो. तोच आज वाचकांपुढे मांडावा म्हणतो.

जव्हारच्या मुकणे घराण्याची मूळकथा पुष्कळांनी ऐकली असेल. जयबा मुकणे हा या घराण्याचा मूळपुरुष. फिरत फिरत तो जव्हारला आला. तिथे ज्याची सत्ता होती तो राजा वारली होता, असे काही जण सांगतात. जयबाने त्याच्याकडे मागणी केली ती अगदी गरिबाची : बैलाच्या एका कातड्याखाली झाकेल एवढी जमीन द्या. राजा भोळा, तो हो म्हणाला. मग जयबाने त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला दुसरी जोडली, आणि त्या वादीने राजाच्या ठाण्यालाच वेढा घातला. दिलेला शब्द राजाने पाळला. जव्हार जयबाचे झाले आणि जुन्या धन्याच्या वाट्याला गंभीरगडाकडचा मुलूख आला. पुढे जयबाच्या मुलाला, नेमशहाला, दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली राजा म्हणून मान्यता दिली, आणि ते राज्य १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत टिकले.

गमतीची गोष्ट अशी की, हीच कथा हजारो मैल दूर, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर कार्थेज नगराविषयी सांगतात. तिथे कातडे कापणारी दिदो नावाची राणी आहे. एकाच युक्तीची कथा दोन टोकांच्या लोकांनी जपून ठेवावी, यात मला एक अर्थ दिसतो. जमीन मोजणाऱ्याच्या हातात जी दोरी असते तिची लांबी तोच ठरवतो. ज्याची जमीन मोजली जाते त्याला ती मोजणी पुरी झाल्यावर कळते. कातड्याची वादी गेली, तिच्या जागी सरकारी मोजणीची साखळी आली, आता आकाशातून मोजणारे यंत्रही आले. पण पाड्यावरच्या माणसाचा अनुभव फारसा बदललेला नाही.

जमीन अशी वरच्या वर हात बदलत असली, तरी खाली पाड्यावर घर बांधण्याची रीत आपल्या वाटेने चालत राहिली. ती रीत मी स्वतः पाहिली आहे. मुलाचे लग्न होते. सवाशिणी आईबापांच्या घराच्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते. नवरी घरात येते. पहिले एखाददुसरे वर्ष जोडपे त्याच घरात काढते. पडवीला आडोसा होतो. मग एखादे मूल झाले, की मुलगा वेगळा निघतो. या वेगळे निघण्यात आपल्याकडच्या वाटणीची कडू चव नसते. पहिल्या घराच्या हाकेच्या अंतरावर दुसरे घर उभे राहते. मेढी रानातल्या, कूड कारवीचा, लिंपण शेणमातीचे, वर गवत किंवा पेंढा. पाड्यावरचे शेजारीपाजारी हातभार लावतात आणि थोड्याच दिवसांत चूल पेटते. कारवी ही वनस्पती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग सुकते. कुडाची कारवी बदलावी लागते, म्हणजे घर पुन्हा पुन्हा नवे होते. अशा घराला नकाशा नसतो. मराठीत कोणत्याही कामाचा आरंभ झाला की आपण मुहूर्तमेढ रोवली म्हणतो. इथे ती खरोखरच मेढ असते, आणि ती रोवली की घर मंजूर झाले.

आपल्या जनगणनेने कुटुंबाची व्याख्या करताना हीच रीत मान्य केली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्यांचा स्वयंपाक एका चुलीवर होतो ते एक कुटुंब. म्हणजे चूल वेगळी झाली की सरकारी गणतीत कुटुंब वेगळे. परंतु त्या वेगळ्या कुटुंबाने राहायचे कोठे, हे सांगायला गणती करणारा बांधील नाही. ते काम महसूल खात्याचे. आणि महसूल खात्याला चूल दिसत नाही, हद्द दिसते.

त्या हद्दीची हकिकत अशी. इंग्रजी अमलातल्या मुलखासाठी १८७९ साली मुंबईचा जमीन महसूल कायदा झाला. त्याच्या ६५ व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतीच्या सोयीपुरती इमारत बांधण्याची मुभा दिली. त्याहून वेगळ्या कामासाठी जमीन वापरायची तर कलेक्टरची परवानगी घ्यावी, असे ठरले. शेती ती शेती आणि वस्ती ती वस्ती, ही रेघ तेव्हा कायद्याने ओढली. वस्तीसाठी प्रत्येक गावाला एक गावठाण, आणि गावठाणाबाहेर सगळे शेत, रान किंवा सरकारी पड. देशावरच्या गावांना ही रचना बरीचशी मानवली, कारण तिथे घरे पूर्वीपासून वेशीच्या आत, भिंतीला भिंत लावून उभी होती. जव्हार संस्थान या कायद्याच्या थेट अमलाबाहेर होते. १९४८ नंतर मोखाड्याची गावेही याच चौकटीत आली, आणि तिथे पंचाईत झाली. कारण मोखाड्यातले गाव म्हणजे एक वस्ती नव्हे; ते दहा दिशांना पसरलेले पाडे. एक उताराला, एक नदीच्या वळणावर, एक माळावर. महसुली कागदावर गाव एक, त्याचे गावठाण बहुधा एकाच पाड्याचे. उरलेल्या पाड्यांची घरे शेतात, नाहीतर रानात. पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेले लोक असे कागदाच्या एका फटकाऱ्याने स्वतःच्याच घरात उपरे झाले.

कायद्याने या लोकांचा विचार कधीच केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याच्या १६ व्या कलमाने, जमीनदाराच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या घरातून त्याला हुसकावण्यास बंदी केली. १७ व्या कलमाने, जमीनदार ती घराखालची जागा विकणार असेल तर ती घेण्याचा पहिला हक्क कुळाला दिला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव भागात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. ज्या माणसाचे झोपडे मालकाच्या जमिनीवर, त्याच्या तोंडात मालकाविरुद्ध शब्द कसा यावा? म्हणून कुळाच्या छपराला दिलेले ते संरक्षण मला मोठे वाटते. पण बारकाईने पाहा : कायदा जे घर उभे आहे त्याला हात लावू नका म्हणतो. मुलाच्या, अजून उभ्या न राहिलेल्या घराबद्दल तो काही बोलत नाही.

पुढे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार त्याच्या १२२ व्या कलमाने कलेक्टरकडे ठेवला. शेतघराची मुभा ४१ व्या कलमात राहिली, आणि पुढे शहरांच्या आसपास व प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रात तिला मापे लागली. ४० गुंठ्यांहून, म्हणजे ०.४ हेक्टरांहून, कमी जमिनीत अशा क्षेत्रात शेतघर नाही, त्यापुढे ०.६ हेक्टरांपर्यंत जोते १५० चौरस मीटरांहून मोठे नको; आणि त्याहून अधिक जमीन असेल तर जमिनीच्या चाळिसाव्या हिश्शाएवढे किंवा ४०० चौरस मीटर, यांतले जे कमी असेल ते. आता या आकड्यांशेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेत घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर धरलेले आहे. म्हणजे एका मोठ्या शेतघराच्या जोत्यात सोळा घरकुले बसतात!

हे शेतघर कोणाचे, हे वाचकांना सांगायला नको. मुंबई-नाशिकच्या वाटेवर गाडीतून जाताना टेकडीच्या अंगावर पांढरी, लाल कौलांची, कुंपणाला बोगनवेल लावलेली घरे दिसतात. शनिवारी दिवे लागतात, सोमवारी कुलूप. मला त्या घरांचा राग नाही. शहराच्या धकाधकीत दमलेल्या माणसाला डोंगराची ओढ लागली तर त्यात वावगे काय? आणि मोखाड्यात ही घरे आदिवासींच्या जमिनीवर सरसकट उभी राहिली नाहीत, याचे कारणही कायदाच आहे. १९७४ मध्ये घातलेल्या ३६-अ कलमाने आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकण्या-देण्यावर बंधन आले. सरकारच्या पूर्वमान्यतेशिवाय तसा व्यवहार होत नाही. मोखाडा आणि जव्हार हे दोन्ही तालुके तर संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेव्हा कुंपण आहे. प्रश्न इतकाच की, बाहेरच्याला अडवणारे कुंपण आतल्याला अंग पसरू देते का?

'दुसरे घर' हा एकच शब्द दोन ठिकाणी किती वेगळा होतो पाहा. शहरी माणसाचे दुसरे घर म्हणजे त्याच माणसाचे आणखी एक घर. पाड्यावरचे दुसरे घर म्हणजे दुसऱ्या माणसांचे पहिले घर.

पाड्यावरचा मोठा भाग वनजमिनीचा, म्हणून तिथली खरी किल्ली वनकायद्यात. १९२७ च्या वनकायद्याने आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने रानाच्या हद्दी घट्ट झाल्या. या हद्दींच्या आत नांगर धरणारा माणूस अतिक्रमक. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत वर्गातली निम्मी मुले 'प्लॉट' हा इंग्रजी शब्द मराठीच समजत. प्लॉट म्हणजे रानातला, वर्षावर्षाच्या बोलीवर कसलेला, उद्याची खात्री नसलेला जमिनीचा तुकडा. ही कोंडी फोडण्याचे काम २००६ च्या वनहक्क कायद्याने केले. वनात राहणाऱ्या आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी जो वनजमीन कसत होता किंवा तिच्यावर राहत होता, त्याला ४ हेक्टरांच्या मर्यादेत ताब्यातल्या जमिनीचा हक्क मिळाला. हा हक्क वारसाने मुलांकडे जातो, विकता येत नाही. आणि विवाहित असल्यास तो पतिपत्नी दोघांच्या नावे नोंदला जातो. माझ्या विद्यार्थ्याच्या चळतीत तो पट्टा मी पाहिला. त्याच्या नावाशेजारी बायकोचे नाव होते. १९८८ साली त्या पाड्यावरच्या कोणत्याही बाईचे नाव कोणत्याही कागदावर मी पाहिलेले नव्हते.

परंतु काळ कोणाच्या तारखेसाठी थांबत नाही. १३ डिसेंबर २००५ या दिवशी धाकटा मुलगा पाळण्यात होता. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल तेच आहे. कायद्याने त्या दिवशी उभी असलेली घरे मोजली, आणि पाळण्यातल्या मुलाला एक दिवस घर लागेल, याचा हिशेब तारखेत बसला नाही. आता तो मुलगा संसाराला लागला आहे. बापाच्या शेताला कागद आहे, बापाच्या घराखालची जागा वहिवाटीने आहे. मुलाच्या चार मेढींना मात्र दोन्ही नाही. मग उरतात दोन मार्ग : एक पडवीत कोंडून राहायचे, नाहीतर दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर टाकून वीटभट्टीची वाट धरायची. मोखाड्यातून दरवर्षी दिवाळीनंतर कामासाठी किती माणसे बाहेर पडतात, हे तिथल्या शाळेच्या हजेरीपटावर मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. स्थलांतराची कारणे अनेक : पाणी, रोजगार, कर्ज. पण ज्याचे घर मागे उभे आहे तो परत येतो. ज्याचे घरच नाही तो कशासाठी परतेल?

वाचकांना वाटेल, हे सारे मागासलेल्या डोंगरातले गाऱ्हाणे. तसे नाही. अमेरिकेत १९२६ साली युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शहरांना असा अधिकार मान्य केला, की कोणत्या भागात कशा इमारती असाव्यात ते त्यांनी ठरवावे. पुढे तिथल्या कित्येक वस्त्यांत एका आवारात एका कुटुंबाचे एकच घर असा दंडक बसला. आजीला नातवंडांजवळ राहायचे असेल, मुलाला आईबापांच्या परसात दोन खोल्या बांधायच्या असतील, तर मनाई. घरांची टंचाई इतकी झाली, की २०१६ पासून कॅलिफोर्निया राज्याला एकामागून एक कायदे करून परसातल्या या छोट्या घरांचा मार्ग मोकळा करावा लागला. जगातल्या सर्वांत श्रीमंत मुलखांपैकी एकाला जे शेवटी उमगले ते मोखाड्याची म्हातारी चुलीपाशी बसून सांगत होती.

आपल्याकडेही ते उमगले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आपला अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रांपुरता वनहक्क कायद्यात फेरबदल केला. मूळ कायद्याच्या तिसऱ्या कलमात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी थोडी वनजमीन देण्याची तरतूद आहे. गावाला शाळा द्या, रस्ता द्या, असे त्या यादीत होते. घर द्या, असे नव्हते! राज्यपालांच्या अधिसूचनेने वनवासी कुटुंबांच्या घरांसाठी लगतची वनजमीन देण्याची वाट त्यात उघडली. वाढत्या कुटुंबांना गावाजवळच राहता यावे, गाव सोडावे लागू नये, हा तिचा हेतू. शिफारस करायची ती ग्रामसभेने. सातशे वर्षांच्या या हकिकतीत वस्ती वाढते, हे कागदाने बहुधा प्रथमच मान्य केले असेल.

मात्र अधिसूचना निघणे वेगळे आणि ती पाड्यावर पोचणे वेगळे. २०२० मध्येच गावठाणांची मोजणी आकाशातून ड्रोनने करून घरमालकांना मिळकतीची सनद देण्याची स्वामित्व योजना सुरू झाली. चांगली योजना, ज्या गावठाणांची कधी धड मोजणीच झाली नव्हती त्यांना तिने नकाशा दिला. पण ती मोजते ते गावठाण. जो पाडा गावठाणातच नाही, त्याच्यावरून यंत्र गेले तरी त्याची सावलीच काय ती अंगणात पडायची. म्हणून माझ्या मते खरे काम नव्या कायद्याचे राहिलेले नाही. प्रत्येक पाड्याची हद्द ग्रामसभेने स्वतः चालून ठरवावी, आज पाळण्यात असलेली मुले मोजावीत, आणि पुढच्या वीस वर्षांच्या चुलींना पुरेल एवढी जागा आजच मागून ठेवावी. घर उभे राहिल्यावर ते बेकायदा ठरवण्यापेक्षा ही वाट सोपी आणि स्वस्त. रानाचेही त्यात हितच आहे. कारण जागा नेमून दिलेली असली म्हणजे जो तो दिसेल तिथे झाड तोडून जोते घालीत नाही.

मी त्या रात्री पाड्यावरच राहिलो. जेवणे झाल्यावर माझ्या विद्यार्थ्याने कोरा कागद आणि पेन पुढे केले. "गुरुजी, अक्षर तुमचं चांगलं. ग्रामसभेला अर्ज लिहून द्या." चाळीस वर्षांपूर्वी याच माणसाची मी अक्षरावरून कानउघाडणी केली होती म्हणा, किंवा थोडे कमी असेल, शिक्षकाचे गणित स्वतःच्या वयाच्या बाबतीत कच्चे असते. मी चष्मा लावला. धाकट्याचे नाव लिहिले, त्याच्या बायकोचे नाव लिहिले. जागेच्या चतुःसीमा लिहिल्या : पूर्वेस बापाचे घर, दक्षिणेस पायवाट, पश्चिमेस आंबा, उत्तरेस रान. मग मी विचारले, "बांधकामाचं प्रयोजन काय लिहू?"

बापलेक एकमेकांकडे पाहू लागले. प्रयोजन हा शब्द त्यांच्यासाठी जड होता, चूक माझीच. म्हातारीने मात्र चुलीतले लाकूड मागे ओढले आणि तिथूनच म्हणाली, "ल्हिवा ना, चूल."

मी तसेच लिहिले.